कातकरीवाडीत रक्ततपासणीचा अभ्यास करायचाय, काय काळजी घेऊ?

कळवेकर_एमपीएच
प्रबंधासाठी शहापूर तालुक्यातल्या एका कातकरीवाडीत बायकांमधला रक्तक्षय तपासायचाय. बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघणार, सोबत प्रश्नावली. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळालीय, डिसेंबरात जायचं ठरतंय. वाडीला आपला नुसता वापर झाला असं वाटू नये, यासाठी काय करू?

आशाताई_शहापूर
ताई, डिसेंबरात येऊ नका. दिवाळी सरली की अर्धीअधिक वाडी उचल घेऊन वीटभट्टीवर जाते. मागं म्हातारी माणसं राहतात. ज्या बायांचं रक्त बघायचंय त्या भट्टीवर, मग तुम्ही कुणाचं मोजणार? आवणीत, म्हणजे भातलावणीतही कुणाला सवड नसते. भादव्यात या, संध्याकाळी, चुली पेटायच्या आधी.

रक्त नेणारे पुष्कळ येतात, आकडा घेऊन परत कुणी येत नाही. एकदा बाहेरची टीम येऊन गेली. नंतर एक बाई मला भेटेल तिथं विचारायची, "माझ्या रक्तात काय निघालं गं?" मी काय सांगणार? तुमचं मशीन जागेवरच आकडा दाखवतं ना, मग तिथंच सांगा. पण एकेकीला बाजूला घेऊन. सिकलसेल म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, त्याच्या तपासणीत सगळ्यांसमोर नावं वाचली गेली आणि एका पोरीची जमलेली सोयरीक अडली. अजून राग येतो मला त्याचा.

गरोदर बाईचं ७ ग्रॅमच्या खाली निघालं तर तो तीव्र रक्तक्षय. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला गाडी आधीच ठरवून ठेवा. आणि जिथं अंगठा घ्याल तिथं साक्षीदार तिच्या पसंतीचा असू दे, भट्टीचा मुकादम नको.

वाशी_संशोधक
ताईंचं अगदी पटलं. एका गोष्टीची भर घालतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या हवासुपाई या आदिवासी जमातीच्या लोकांनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. त्याच नमुन्यांवर पुढे स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराचं संशोधन झालं, त्यांना न विचारता. २०१० मध्ये तो अभ्यास करणाऱ्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली, नमुनेही परत केले. आपल्याकडे तेलंगणातल्या खम्ममच्या एचपीव्ही लसीच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस) प्रकल्पात मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. म्हणून थेंबाचं पुढे काय होणार, तेही संमतिपत्रात लिहा.

कळवेकर_एमपीएच
तारीख बदलण्याबद्दल गाइडशी बोलते. अहवालात वाडीचं नाव घालू का?

आशाताई_शहापूर
ते वाडीला विचारा. छापायच्या आधी मारुतीच्या देवळापुढं सगळ्यांना बोलावून वाचून दाखवा, बायांना पुढं बसवा. चुकीचं लिहिलं असेल तर त्या तोंडावर सांगतील. भादव्यात येण्याआधी मला कळवा, मी सोबत येते.