शब्दचर्चा: ‘रोस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

रोस्ट बीफची कृती मराठीत लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीत अडले. मोठा तुकडा आधी कडक तापलेल्या तव्यावर सगळ्या बाजूंनी लालसर करायचा, मग ओव्हनमध्ये ठेवायचा. दोन्ही ठिकाणी मी ‘भाजणे’ लिहिलं होतं. भावाने ते वाचून सगळं काम तव्यावरच उरकलं. मांस बाहेरून काळं आणि आतून थंड राहिलं. या दोन क्रियांना वेगळे शब्द कोणते? ‘शेकणे’ चालेल का? आणि ओव्हनमधून काढल्यावर तुकडा तसाच ठेवतात, त्याला ‘विश्रांती देणे’ म्हणावं का?

— ‘भाजणे’ ओव्हनसाठी राखून ठेवा. संस्कृत ‘भर्जन’शी नातं सांगणारा हा शब्द कोरड्या आचेचाच आहे. ‘शेकणे’ मला पटत नाही. पाठ शेकतात, हात शेकतात. त्यात ऊब आहे, शिजणं नाही. ‘परतणे’ तर नकोच. परतताना उलथणं सारखं फिरतं आणि इथे तुकडा एकेका बाजूवर दोन-तीन मिनिटं अजिबात हलवायचा नाही.

तव्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: खरपूस करून घेणे. खरपूसपणा वरच्या थराचाच असतो, त्यामुळे आतलं शिजवणं अजून बाकी आहे हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. चवीचा मोठा भागही तिथेच तयार होतो. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे मांसातली अमिनो आम्लं आणि शर्करा यांची क्रिया वेग घेते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. पृष्ठभाग ओला असेल, तर ते पाणी उडून जाईपर्यंत तापमान १०० अंशांपाशीच अडतं. म्हणून ‘मांस कोरडं टिपून घ्या’ ही ओळ कृतीत हवीच. खरपूस डोळ्यांना आणि दातांना कळतं, खमंग नाकाला. पुढची पायरी करपणे, तिथे कडवटपणा सुरू होतो.

एक विनंती, ‘खरपूस केल्याने रस आत कोंडला जातो’ असं लिहू नका. एकोणिसाव्या शतकात ही समजूत पसरली, पण ती चुकीची ठरली आहे. तव्यावरची चरचर म्हणजे बाहेर पडणारं पाणीच.

— वरच्या उत्तराशी सहमत. ‘विश्रांती’ इंग्रजीवरून उचललेली वाटते. ‘निवू देणे’ जवळचं आहे, पण सुरुवातीला अर्थ उलटा होतो: मोठा तुकडा बाहेर काढल्यावरही आतलं तापमान आणखी ३ ते ५ अंश चढतं. मी ‘रस जिरू देणे’ लिहीन. मी एकदा घाईने लगेच सुरी चालवली होती. पाट रसाने भरला आणि ताटात कोरडे काप आले. पुढच्या वेळी २० मिनिटं थांबले, तेव्हा पाटावर जेमतेम चमचाभर रस होता.

मिठासाठी मात्र ‘मुरणे’च. ‘मीठ लावा’ एवढ्याने भागत नाही; आदल्या रात्री लावलेलं मीठ आतपर्यंत जातं, हे ‘मुरू द्या’ म्हटल्यावरच समजतं.

— दोघांचेही मनापासून आभार. आता असं लिहिलंय:

‘किलोभर मांसाला १० ते १२ ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडंच मुरू द्या. सकाळी कोरडं टिपून तव्यावर सगळीकडून खरपूस करा. मग १३० अंशांच्या ओव्हनमध्ये, मधोमध खुपसलेला थर्मामीटर ५२ दाखवेपर्यंत भाजा. आतून गुलाबी नको असेल तर ७० पर्यंत. २० मिनिटं रस जिरू द्या आणि धाग्यांना आडवे, पातळ काप करा.’

‘धाग्यांना’ बरोबर आहे ना, की ‘रेषांना’?

— धागेच. कापताना बोटाला तेच लागतात.