प्रतिसाद: हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय

परभणीच्या ताईंनी विचारलंय, शेत विकून लेकीला हेलिकॉप्टर शिकायला परदेशी पाठवू का. ताई, घाई करू नका. आधी तिची क्लास-वन, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारी वैद्यकीय तपासणी होऊ द्या. रंगांधळेपणासारखी अडचण तिथंच कळते. परदेशी लायसन्स मिळालं तरी इथं ते बदलून घेताना डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे पेपर द्यावेच लागतात. विमानापेक्षा हेलिकॉप्टरचा तास महाग, त्यामुळं उड्डाण शिकवणाऱ्या शाळेला हेच विचारा: हेलिकॉप्टर किती चालू, ऑटोरोटेशन म्हणजे इंजिन बंद पडल्यावर उतरायचा सराव किती? सगळी फी एकदम भरू नका. नोकरीत स्पर्धा लष्करातून आलेल्या अनुभवी वैमानिकांशी असते, म्हणून पहिली काही वर्षं कठीण. पोरीची जिद्द मात्र मोडू नका, ताई.