लेकी असलेले आईबाप म्हातारपणी जास्त सुखी असतात का?

निवृत्त_मास्तर
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हल्ली उलटाच सूर ऐकू येतो. ज्यांना दोन-दोन मुलगे, ते कुरकुरतात. ज्यांना लेकी, ते खुशीत. तरुणपणी यातल्याच काहींनी ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ म्हणत स्वतःची समजूत घातली होती. माझं मत सरळ आहे: उतारवयात मनाला उभारी मिळते ती लेकीमुळे. मुलगा विचारतो, “औषधं संपली का? पैसे पाठवू?” लेक विचारते, “बाबा, आवाज असा का येतोय?” बायको गेल्यावर पुरुषाचं घरातलं बोलणंच थांबतं. मुलासमोर डोळ्यांत पाणी आलं तर लाज वाटते, लेकीसमोर नाही वाटत. विरोधी मतं जरूर येऊ द्या.

गेवराईचा_गडी
मास्तर, हे पेन्शनवाल्यांचं सुख झालं. आमच्या बीड जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. हे पापच, त्यात वाद नाही. पण त्यामागची धास्ती खोटी नव्हती. शेतकऱ्याला ना पेन्शन, ना फंड. नुसत्या लेकी असलेल्या म्हाताऱ्याला भाऊबंद बांधावर येऊन विचारतात, “आता रान कोण कसणार?” हा प्रश्न रोज ऐकणाऱ्याला झोप लागत नाही. मुलगा दोन शब्द कमी बोलेल, पण ओसरीवर त्याचा वावर असला की जीव थाऱ्यावर राहतो.

ठाणेकर_लेक
मला दोघांचंही पटत नाही. आई माझ्याकडे राहते. खायला-प्यायला कमी नाही, नवराही चांगलं वागतो. तरी ती सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसते. नातेवाइकांचा फोन आला की सांगते, “चार दिवस आलेय लेकीकडे.” हे चार दिवस संपतच नाहीत. भावाच्या घरी तिच्याशी धड कोणी बोलत नव्हतं, पण तिथे ती फ्रिज न विचारता उघडायची. जावयाच्या घरचं अन्न म्हणजे उपकार, हे तिच्या डोक्यात लहानपणापासून भरलंय. मास्तर, लेकीचं प्रेम त्यावर पुरं पडत नाही.

कायद्याचं म्हणाल तर लेकीलाही सूट नाही. कल्याणच्या डॉ. विजया अरबट यांच्याकडे वडिलांनी पोटगी मागितली होती. विवाहित मुलीकडून ती मागता येत नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये फेटाळला. ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी दोघंही जबाबदार आहेत. हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ पासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तरी तलाठ्याकडे जायची वेळ आली की बहिणींपुढे हक्कसोडपत्र येतंच. मीही सही केली, आईला वाईट वाटू नये म्हणून.

सासुरवाशीण_नाशिक
‘मुलगा सांभाळतो’ म्हणजे नक्की कोण सांभाळतं? पथ्याचं करणं, चादरी बदलणं, दवाखान्यात नंबर लावून बसणं, हे आमच्याकडे मीच करते. नणंद रात्री दहा मिनिटं फोन करते आणि त्या फोनचं कौतुक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतं. नणंदेवर माझा राग नाही. मीही माझ्या आईला तसाच फोन करते, आणि तिकडे माझी वहिनी दात-ओठ खात असणार.

निवृत्त_मास्तर
@सासुरवाशीण, कष्ट सुनेचे आणि श्रेय लेकीला, हा अन्याय आहेच. पण मी विचारलं होतं ते म्हाताऱ्यांच्या मनाबद्दल. त्या दहा मिनिटांनी तुमच्या सासूबाईंचा दिवस बरा जातो, हे तुम्हीच सांगताय की!

सासुरवाशीण_नाशिक
जातो ना. कारण बाकीच्या दिवसाचं ओझं मी उचललेलं असतं. मी दोन दिवस माहेरी जाते, तेव्हा पाहा मग ती दहा मिनिटं कशात जातात. रडण्यात.

आकडेमोड्या
थोडं रुक्ष बोलतो. आपल्याकडे मुलगा होईपर्यंत मुलं होऊ द्यायची पद्धत होती. त्यामुळे मुलींच्या वाट्याला सरासरीने जास्त भावंडं येतात. म्हणजे जास्त मुली असलेले आईबाप आणि जास्त मुलगे असलेले आईबाप यांची सरळ तुलनाच होत नाही. कुटुंबं वेगळी, ओढगस्त वेगळी. त्यात मुलगा बहुधा सोबत राहतो आणि लेक दूर. सोबत राहणाऱ्याशी खटके उडणारच. मास्तर, तुमच्या संघातले दोन मुलगेवाले मुलांमुळे त्रस्त आहेत की एका छताखालच्या संसारामुळे? मी तर आधी तीन गोष्टी विचारेन: जोडीदार हयात आहे का, स्वतःचा पैसा हातात आहे का, घर कोणाच्या नावावर आहे.

दोन_पोरांची_आई
माझा धाकटा त्याच्या वडिलांची दाढी करून देतो, अंघोळ घालतो, त्यांची तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकतो. लोक म्हणतात, “नशीब काढलंत, अगदी लेकीसारखा आहे.” मला संताप येतो. तो मुलासारखाच आहे. तुम्ही तुमच्या मुलांकडून हे कधी मागितलंत तरी का? “पुरुषाचं काम नाही” म्हणून त्यांना आजारी माणसाच्या खोलीतून बाहेर काढलंत आणि आता म्हणताय मुलांना माया नसते.

ठाणेकर_लेक
@दोन_पोरांची_आई +१

माजलगावकर
@गेवराईचा_गडी, ओसरीवर मुलगा असतो कधी? दसरा झाला की मुलगा-सून ऊसतोडीला, कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, गावात राहतात म्हातारे, त्यांच्या गळ्यात नातवंडं. आमच्या शेजारच्या म्हातारीला बघायला येते ती दोन गावं पलीकडे दिलेली लेक. भाकरी बांधून आणते.

गेवराईचा_गडी
तिच्या सासरी कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडी, नसेल, म्हणून येते. ज्यांच्या लेकीही तोडीला गेल्यात त्यांचं काय? मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ मजुरी) घेतो लेकीचा नवरा, ती फिटते दोघांच्या घामानं. माहेरी शंभर रुपये द्यायचे तरी तिला नवऱ्याला विचारावं लागतं. मुलगा निदान दिवाळीसाठी स्वतःच्या उचलीतून आईच्या हातावर काही ठेवून जातो.