गोळाफेक : मनगटाला पट्टी बांधावी की नाही?

भाची नववीत आहे, तीन किलोचा गोळा फेकते. गोळा सोडताना तिचं मनगट मागे मुरडतं आणि नंतर दुखतं. शाळेतल्या सरांनी क्रेप बँडेज सांगितलं. तिच्या भावाने जिममधली जाड वेलक्रोची पट्टी आणून दिली. त्या पट्टीने दुखणं बरंच कमी झालं, पण भाची म्हणते, "मामा, शेवटचा झटकाच बसत नाही." अंतरही घटल्यासारखं वाटतं. अर्थात आमचा टेप शिंप्याचा, तुकड्या-तुकड्याने मोजायचं.

पट्टीमुळे फेक खरंच कमी होते, की हा सवयीचा भाग? शिवाय सर म्हणतात, दोन बोटंही एकत्र टेपने बांध. स्पर्धेत चालतं का हे? "दुखतंय तर खेळ सोड" हा सल्ला नको, तो आजीकडून रोज मिळतो.

प्रतिसाद १
आधी नियम. मनगटाला आधार चालतो. बोटं एकमेकांना बांधलेली चालत नाहीत, प्रत्येक बोट सुटं हललं पाहिजे. हातमोजेही नाहीत, ते फक्त हातोडाफेकीत. बोटांना टेप असेल तर स्पर्धेआधी मुख्य पंचांना दाखवायचा.

आता झटका. गोळ्याचा बराचसा जोर पाय आणि कमरेतून येतो, मनगट शेवटी थोडी भर घालतं. पण तेच मागे कोसळलं तर खालून आलेला जोर वाया जातो. पट्टीचा उपयोग एवढाच, की ते कोसळू नये. जिमची पट्टी वजन उचलताना मनगट हलूच नये म्हणून असते, त्यामुळे पुढचा झटकाही अडतो. क्रेपच बरं : सांध्याभोवती वेढे, तळवा मोकळा. मूठ नीट वळली पाहिजे, बोटांना मुंग्या येता कामा नयेत.

मला मात्र पकडीचाच संशय येतोय. गोळा बोटांच्या मुळाशी हवा. टोकांकडे धरला तर कच्चं मनगट वाकतंच, तळव्यात घेतला तर झटका मिळत नाही. काही दिवस हलका गोळा द्या. मग एकाच दिवशी आलटून पालटून पट्टीसह आणि पट्टीशिवाय फेकायला लावा. तुलनाच करायची तर शिंप्याचा टेपही चालेल.

धागाकर्ता
आत्ताच हातात नारळ देऊन पाहिलं, टोकांकडेच धरते! एक राहिलं : करंगळीच्या बाजूला दाबलं की जास्त दुखतं, मनगट फिरवलं की कटकट वाजतं.

प्रतिसाद १
मग पट्टीचा विषय नंतर. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर गोळा बंद. पायांचा सराव चालू ठेवा, आजीही खूश.