मदत हवी आहे: भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून दोनदा मधूनच परत आला, तिसऱ्यांदा काय करावं?

नमस्कार. एरवी मी इथे फक्त वाचत असते, आज लिहायची वेळ आली आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय ३४, इचलकरंजीत. खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीने विणून देत, आठ माग चालवतो. दारू दहा-बारा वर्षांपासूनची, पण गेली चार वर्षं सकाळी उठल्या उठल्या लागते. बायको, दोन मुली, आई-बाबा त्याच्याजवळ. मी लग्न होऊन पुण्यात.

पहिल्यांदा ॲडमिट केला तेव्हा सहाव्या दिवशी सही करून बाहेर पडला. म्हणे, "हितं सगळी गर्दुल्ली पोरं हायत, मी काय त्यातला न्हाई." तोवर हातांची थरथर थांबलेली, जेवण जाऊ लागलेलं. चेहऱ्यावर तकाकी बघून आईलाही वाटलं, झाला बरा. अकरा दिवस टिकला.

दुसरं केंद्र वेगळं होतं. तिथे तेविसाव्या दिवसापर्यंत राहिला. रविवारी आई-बाबा भेटून आले. सोमवारी रात्री फोन: डाळ पाण्यासारखी, शेजारचा घोरतो, समुपदेशक पोरासोरासारखा बोलतो, न्यायला या नाहीतर गेटवरून उडी मारतो. आई रात्रभर रडली, मंगळवारी बाबा पहिल्या एसटीने जाऊन त्याला घेऊन आले. भरलेले पैसे गेले ते गेलेच. पंधरवड्यात पुन्हा सुरू.

आता तो स्वतःच म्हणतोय की बेंदूर झाला की जातो. सोमवारी जागा आहे. मला कळत नाही की माणूस चांगला रुळलेला असताना मधूनच का उठतो? आणि तसा फोन आला की आम्ही काय बोलायचं? मावशी म्हणते, केंद्र वगैरे राहू दे, आमटीतून गोळी द्या, त्याला कळणारही नाही. कुणी अनुभवी असेल तर स्पष्ट सांगा. उपदेश नको, त्याची घरात कमी नाही.

– माहेरवाशीण

*

कोरडा दिवस १४०६:

ताई, मी तीनदा पळालेला माणूस. चौथ्यांदा टिकलो.

घरी जी कारणं सांगायचो त्यातलं एकही खोटं नव्हतं बघा. डाळ खरंच पातळ होती. पण त्याच डाळीवर मी बारा दिवस काढले होते. तेराव्या दिवशी काय बदललं? माझ्या भिशीचा नंबर लागला होता. पैसे हातात येणार हे मित्राकडून कळलं आणि त्या क्षणापासून डाळ घशाखाली उतरेना. हे तेव्हा मला स्वतःलाही उमगलं नव्हतं, म्हणून मी इतक्या मनापासून भांडायचो आणि घरचे विश्वास ठेवायचे.

सहाव्या दिवशी निघाला ते तर जवळपास प्रत्येकाचंच असतं. अंगातली दारू उतरली, भूक लागली, आरशात तोंड बरं दिसलं. आता इथे कशाला बसायचं? त्यात "मी त्यांच्यासारखा नाही". ब्राउन शुगरवाला पोरगा टर्कीत, म्हणजे नशा तुटल्याच्या त्रासात, तळमळत असतो, त्याच्याकडे बघून दारूवाल्याला वाटतं आपण सभ्य. (आणि तो पोरगा आपल्याकडे बघून नेमकं तेच म्हणत असतो.)

एक बारीक गोष्ट विचारतो. भाऊ तंबाखू खातो का? काही केंद्रांत पहिल्या दिवशीच पुडी काढून घेतात. दारू सुटते त्याचा त्रास वेगळा, तंबाखूचा वेगळा, आणि माणूस चिडतो तो चपातीवर. निकोटिन गम वगैरे चालतं का, हे आत जाण्याआधी विचारून ठेवा.

*

ओपीडीबाहेरचा बाक:

मी मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती आहे. आधी मावशींचं बघू. आमटीतली गोळी बहुतेक डायसल्फिरामची असणार. ती पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो, जिवावर बेतू शकतं. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती द्यायची असते. नकळत कधीही नाही.

सकाळी उठल्याबरोबर लागते म्हणजे शरीर दारूवर अवलंबून आहे. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच थरथर आणि घाम सुरू होतो. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणूस भ्रमात जातो. म्हणून डॉक्टर आणि औषधं असलेल्या ठिकाणीच दाखल करा. सोमवारी जायचंय म्हणून रविवारपासून घरीच एकदम बंद करू नका. पहिले काही दिवस ज्यांचे फार हालात जातात ते दुसऱ्या वेळी आत जायलाच घाबरतात, हेही पाहिलंय.

कंप थांबले तरी झोप आठवडेच्या आठवडे बिघडलेली राहू शकते. चिडचिड, उदासी, जीव घाबरणं. दारूखाली दबलेलं नैराश्य तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वर आलेलं दिसतं. ते कुणी तपासलं होतं का? त्यावर औषध मिळालं तर पुष्कळ जण थांबतात.

कायद्याचंही सांगते, कारण "कोंडून ठेवा" हा सल्ला येणारच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी संबंधित स्थितीही येतात. स्वतःच्या इच्छेने दाखल झालेला माणूस मागेल तेव्हा त्याला सोडावं लागतं. त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका वगैरे वाटला, तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. इच्छेविरुद्ध दाखल करायला वेगळे निकष आणि प्रक्रिया आहे, सुरुवातीची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. साखळीने बांधणं तर पूर्ण बंद.

आणि फोनवर "मारतात" असा शब्द आला तर तो बहाणा आहे असं धरून चालू नका. त्याच दिवशी जाऊन त्याला एकांतात भेटा. वाईट केंद्रं असतात. तिथून निघून येणं हा शहाणपणाच असतो.

*

वरणभात:

मी पळणाऱ्याची बायको. एक विचारते, रागावू नका. त्या रविवारी आई काय बोलल्या?

आमच्याकडे सासूबाई प्रत्येक भेटीत घरचं गाऱ्हाणं सांगायच्या. हप्ता थकला, पोराला ताप आला, शेजारी काय म्हणाले. आतल्या माणसाला त्यातलं एकही काम आतून करता येत नाही. मग तो बाहेर येतो आणि आल्यावरही करत नाही. पुढच्या वेळी आम्ही आधीच बसून ठरवलं: दुकान कोण बघणार, हप्ता कोण भरणार, फोन कोण उचलणार. फोन उचलणारी व्यक्ती एकच. ती "नेते" किंवा "नेत नाही" असं काहीच बोलायची नाही, "उद्या समुपदेशकांसमोर बसून बोलू" एवढंच. चोवीस तासांत माझ्या नवऱ्याचा सूर दोनदा बदलला. तिसऱ्यांदा मात्र बदलला नाही, तो निघून आलाच. हेही सांगायला हवं.

मुदत किती, तेही त्याला आधी सांगा. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये ३५ दिवस असतात, काही ठिकाणी तीन महिने. "पंधरा दिवसांत सोडतात" असं सांगून नेलं की सोळाव्या दिवशी तो तुमच्यावर उखडणारच. आम्ही हे केलेलं आहे.

तुमच्यासाठी: अल-अनॉनच्या सभा कुटुंबीयांसाठी असतात. रात्री-बेरात्री कुणाशी बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलि-मानसची, दोन्ही सरकारी हेल्पलाइन आहेत.

*

माहेरवाशीण:

सगळ्यांचे आभार. काल इचलकरंजीला आले. वरणभात, तुमचा प्रश्न आईला विचारला. त्या रविवारी तिने त्याला सांगितलं होतं की वहिनी मुलींना घेऊन माहेरी गेली आणि दोन माग बंद आहेत. "खोटं का बोलू पोराशी?" म्हणाली. यावर मला उत्तर सुचलं नाही.

रात्री गच्चीवर भावाशी बोलले. तंबाखूचं खरं निघालं, दोन्ही केंद्रांत पुडी काढून घेतली होती. झोपेचंही. म्हणाला, "ताई, जन्मापासनं मागांच्या खडखडाटात झोपलोय, तिथली शांतता अंगावर यायची." आणि बऱ्याच वेळाने सांगितलं की मंगळवारी गटात बोलायची त्याची पाळी होती. थोरलीच्या कानातले विकले ते तिथे सांगायचं होतं. आम्हाला घरात ते हरवले एवढंच माहीत होतं. आईच्या बातमीने निमित्त मिळालं, पण निघायचं त्याने शनिवारीच ठरवलं होतं.

हे समुपदेशकांना आधीच कळवावं का, की त्याचं त्यालाच बोलू द्यावं? कोरडा दिवस, तुम्हीच सांगा.

बाकी, दाखल व्हायच्या आधी उद्या डॉक्टरांना दाखवतोय. माग चुलतभाऊ बघेल. केंद्रात नंबर माझा देणार आहे. आईचा मोबाइल महिनाभर मी पुण्याला घेऊन जातेय. त्यावरून ती कालपासून माझ्याशी बोलत नाहीये.