फ्रिजात ठेवलेली गांडुळं आखडली, टबातली उरलेली कशी वाचवू?

जुळे सोलापूर, गच्चीवरची बाग – १९ एप्रिल

नमस्कार. फेब्रुवारीत एका नर्सरीतून अर्धा किलो गांडुळं आणली. 'आफ्रिकन नाईटक्रॉलर' म्हणून दिली. लांब, जांभळट झाक असलेली, हातात घेतली की निसटून जाणारी. निळ्या प्लॅस्टिकच्या टबात शेण, वाळका पाला, वर ओलं गोणपाट. मार्चच्या मध्यापर्यंत इतकं छान चाललं होतं की सकाळी चहा टाकायच्या आधी मी गच्चीवर जाऊन गोणपाट उचलून बघायची. वर चहापत्तीसारखं काळंभोर खत जमलेलं असायचं. तेच मोगऱ्याला घातलं.

एप्रिल लागला आणि जिवाला घोर लागला. पारा ४२ च्या वर. गांडुळं रात्री टबाच्या कडेनं वर चढायची आणि सकाळी फरशीवर दोऱ्यासारखी वाळून पडलेली दिसायची. टब जिन्याखाली आणला, तरी तेच. मग मुलानं एक व्हिडिओ दाखवला. त्यात नाईटक्रॉलर डब्यात घालून सरळ फ्रिजात ठेवतात आणि ती कितीतरी आठवडे टिकतात. परवा रात्री पन्नासेक निवडली, डब्याला भोकं पाडली आणि भाजीच्या कप्प्यात ठेवली. सकाळी बघते तर सगळी एका कोपऱ्यात गोळा होऊन आखडलेली. तळहातावर घेतल्यावर थोडी पाच-दहा मिनिटांनी जराशी हलली, बाकीची नाहीच. फार वाईट वाटलं. वाचवायला म्हणून ठेवली होती ओ.

टबात अजून निम्मी तरी असतील. पण काल त्यातल्या एकाच्या अंगावर मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या. मध्ये आवळल्यासारखं बारीक, पुढं-मागं फुगलेलं. खायला भाजीची देठं, केळ्याची सालं, कुस्करलेली शिळी भाकरी घालते. गेल्या आठवड्यात टोके पडलेलं ज्वारीचं पीठ चार-पाच वाट्या निघालं, तेही घातलं. पाणी बोअरचं. हा रोग आहे का? काय करावं कळंना.

मोहोळ तालुका, गांडूळखताचे बेड – १९ एप्रिल

ताई, फ्रिजचं आता नावच काढू नका. व्हिडिओतलं जनावर वेगळं आणि तुमचं वेगळं. तिकडं कॅनडा-अमेरिकेत गळाला लावायला जे नाईटक्रॉलर विकतात, ते लंब्रिकस टेरेस्ट्रिस. मूळचं युरोपातलं, थंड मातीत खोल उभं बीळ करून राहणारं. त्याला १० अंशांच्या आसपास बरं वाटतं, म्हणून ते फ्रिजात टिकतं. आपल्याकडचं युड्रिलस युजेनी, पश्चिम आफ्रिकेतल्या उष्ण भागातलं. त्याला २५ ते ३० अंश मानवतं. फ्रिजातल्या ४-५ अंशांत ते आखडणारच. नाव एक असलं तरी दोघांचा संसार निराळा. पण उष्ण मुलखातलं म्हणून आपलं ऊनही सोसेल, असं समजू नका. बेडच्या आत पारा ३५ च्या पुढं गेला की ते पळायला बघतं, आणि पळता नाही आलं की मरतं.

आता त्या गाठी. हा साथीचा रोग नाही, बाकीच्यांना लागणार नाही. पीठ आणि भाकरी जास्त झाली की ती आंबते. बेड आंबट होतो, गरम होतो, आणि तेच गांडुळाच्या पोटात जाऊन तिथंही आंबतं. मग अशा गाठी येतात. ते एक बहुतेक जगायचं नाही. पण बाकीच्यांसाठी आजच्या आज, संध्याकाळी ऊन कललं की हे करा. पिठाचे गोळे झालेला सगळा थर काढून टाका. हात आत घालून बघा, कोमट लागलं किंवा ताकासारखा वास आला तर तोही भाग काढा. खाली जुनं शेण आणि भिजवून पिळलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या घाला, वर अंड्याच्या टरफलांची मूठभर भुकटी भुरभुरा. आठ दिवस खायला काही नको. ती उपाशी मरत नाहीत, शेण आणि कागदच खातात. नवीन लोक खाऊ घालूनच जास्त मारतात, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय.

शेण ताजं नको, १५-२० दिवस पाणी मारून निवलेलं घ्या. ताजं शेण आतून तापतं.

आणि प्लॅस्टिकचा टब सोडा. कुंभाराकडून रुंद तोंडाचा रांजण आणा, कड फुटलेला असला तरी चालेल. बुडाला बारीक भोक पाडा. तो ओल्या वाळूच्या घमेल्यात ठेवा, बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि ते दिवसातून दोन-तीनदा भिजवा. आपली हवा कोरडी, त्यामुळं मडक्यातून पाणी झपाट्यानं उडतं आणि आत गारवा राहतो. माठातलं पाणी गार होतं, तसंच.

हिप्परग्याला गळ टाकणारा – २० एप्रिल

मोहोळचे दादा बरोबर सांगतात. मीही एकदा मासे धरायला जायच्या आदल्या रात्री फ्रिजात ठेवली होती, एकही कामाला आली नाही. आता सुती पिशवीत ओला पाला घालून, पिशवी सावलीत टांगून नेतो. दिवसभर ताजी राहतात.

जुळे सोलापूर, गच्चीवरची बाग – २० एप्रिल

दादा, मनापासून आभार. काल रात्री दहापर्यंत टब उपसत बसले होते. पिठाचा थर खरंच कोमट होता आणि आंबलेल्या पिठासारखा वास. त्या थरात एकही गांडूळ नव्हतं, सगळी टबाच्या तळाला गुंता करून बसलेली. तुम्ही पाण्याबद्दल काही बोलला नाहीत. आमचं बोअर मचूळ आहे, बादलीला पांढरा थर धरतो. नळाला तर चार-पाच दिवसांनी पाणी येतं.

मोहोळ तालुका, गांडूळखताचे बेड – २० एप्रिल

ते राहिलंच. मचूळ पाणी आत घालू नका. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. रोज थोडं थोडं म्हणत दोन महिन्यांत बेड खारा होतो. गांडूळ कातडीनं श्वास घेतं, त्याला खार सोसत नाही. बोअरचं पाणी बाहेरच्या गोणपाटाला वापरा. आतल्यासाठी नळाचं, एक दिवस उघड्या बादलीत ठेवलेलं. आत पाणी लागतंच किती? मूठभर माल पिळला की एक-दोन थेंब यावेत, धार नको. आणि शेंगाचटणीचा डबा विसळलेलं, लोणच्याचं, ताटातलं मिठाचं काही आत जाऊ देऊ नका. शेंगांची टरफलं मात्र खुशाल घाला, त्यानं माल मोकळा राहतो.

जुळे सोलापूर, गच्चीवरची बाग – ११ जून

उशिरा कळवते आहे. रांजण जिन्याखाली ठेवला. मुलानं थर्मामीटर आणून आत खोचला. मे महिन्यात बाहेर ४३ असताना आत २९-३० दाखवायचा. पहिले दहा दिवस काही घातलं नाही, मग आठवड्याला कलिंगडाची एक साल, लाल गर काढून, उपडी. दुसऱ्या दिवशी साल उचलली की खाली दहा-बारा जमलेली. मुंग्या लागल्या तेव्हा घमेलं परातीत ठेवून परातीत पाणी घातलं.

मृगाचा पाऊस परवा पडला. काल खत काढायला बसले, तर त्यात ज्वारीच्या दाण्याएवढे, दोन्ही टोकांना निमुळते, तपकिरी दाणे सापडले. एक उजेडात धरला तर आत दोऱ्यासारखं काहीतरी हललं. मुलाला हाक मारून दाखवलं. ही अंडीच ना? खत चाळताना कुंडीत गेली तर वाया जातील का?

मोहोळ तालुका, गांडूळखताचे बेड – ११ जून

अंड्याचे कोषच आहेत ते, ताई. एकेका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात, साधारण दोन-तीन आठवड्यांत. आत हललं म्हणजे तुमचे आता फुटायलाच आलेत. बारीक चाळणीनं खत चाळा, वर राहतील ते ओल्या शेणात परत रांजणात टाका. पिल्लं पांढरट, सुतासारखी असतात, किडे समजून फेकू नका. आता पावसाळ्यात बुडाचं भोक मात्र दर आठवड्याला काडी घालून मोकळं करत जा.