गॅलेक्सी एस५ एस४ इतका का चालला नाही?

जुनं_ते_सोनं: काकांचा २०१४ चा सॅमसंग एस५ हाती आलाय. पाण्याला दाद देत नाही, बॅटरी निघते, १६ मेगापिक्सेल कॅमेरा. मग लोकांनी नाक का मुरडलं?

काउंटरवाला: तेव्हा मी मोबाइलच्या दुकानात होतो. गिऱ्हाईक एस४ शेजारी ठेवायचं. ५ इंचाचे ५.१ झालेले, रिझोल्यूशन तेच फुल एचडी. मागे बारीक ठिपक्यांचं प्लॅस्टिक, एक काकू म्हणाल्या, "ही तर जखमेवरची पट्टी!" आणि किंमत पन्नास हजारांवर. बोटाचा ठसा बटणावरून सरळ खाली ओढायचा. एका हातात फोन धरून अंगठा वाकडाच जायचा. हृदयाचे ठोके मोजणारा सेन्सर सगळे दुकानातच एकदा बघायचे, बस्स.

चिपवेडा: त्यात सप्टेंबरात ॲपलने ४.७ आणि ५.५ इंची आयफोन काढले, मोठ्या पडद्याची मिरास गेली. इकडे जुलैपासून शाओमीचा एमआय ३ होता १३,९९९ ला!

जुनं_ते_सोनं: मग एस६ मध्ये सुधारले?

काउंटरवाला: दिसायला, हो. काच आणि धातू आले. पण मेमरी कार्ड, निघणारी बॅटरी आणि पाणीरोधकपणा, तिन्ही गेले. तुमच्या एस५ च्या चार्जिंगचं झाकण मात्र नीट दाबून लावत जा, नाहीतर पाणी शिरेल.